एकट्याच्या हिशेबात न बसणारा विमा

दीर्घकालीन शुश्रूषेच्या विम्यावर वाद सुरू झाला की तो ठरलेल्या दोन वाटांनीच जातो. एक बाजू कागद-पेन्सिल घेऊन बसते. पंचवीस-तीस वर्षं हप्ते भरायचे आणि शेवटी एके रात्री झोपेतच गेलो तर? सगळे पैसे पाण्यात. त्यापेक्षा तीच रक्कम बाजूला टाकली तर मुलांच्या तरी हाती लागेल. दुसरी बाजू शुश्रूषागृहाच्या वर्षभराच्या खर्चाचा आकडा पुढे करते आणि विचारते, हे कुठून आणाल? वाद तावातावाने चालतो, पण दोघांच्या मनात प्रश्न एकच असतो: यात माझा फायदा किती? मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. म्हातारपणी परावलंबी होणं ही विम्यानेच पेलावी अशी जोखीम आहे. मात्र ‘ज्याला हवा त्याने घ्यावा’ अशा विम्याला ती पेलत नाही. ती पेलायची तर सगळ्यांनी, हातीपायी धड असतानाच, सक्तीने वर्गणी भरली पाहिजे. खासगी पॉलिसी ही त्यावरची भर होऊ शकते, पाया होऊ शकत नाही.

ही जोखीम नेमकी कशी असते, हे मी आत्याच्या खाटेशी बसून पाहिलं. पक्षाघातानंतर ती चार वर्षं अंथरुणाला खिळून होती. खाटेच्या दांडीला एक वही दोरीने बांधलेली असायची आणि तिच्यात माझ्या आतेबहिणीच्या बारीक अक्षरात ओळीच्या ओळी: दहा – डावी कूस. बारा – उजवी. दोन – उताणी. चार – डावी. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर माकडहाडापाशी, खुब्यावर, टाचेवर कातडी आधी लाल होते, मग काळपट पडते, मग जखम उघडते आणि महिनोन् महिने भरत नाही. आत्याला चार वर्षांत एकही जखम झाली नाही. ती होऊ नये म्हणून तिची मुलगी चार वर्षं कधी सलग तीन तास झोपली नाही. नोकरी सोडली तेव्हा ती ५२ वर्षांची होती. डॉक्टर महिन्यातून एकदा येत, पंधरा मिनिटं थांबत. आत्याचा आरोग्य विमा होता, पण तो उपचाराचा. बरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं, त्यामुळे त्या विम्याच्या लेखी खर्चच उरला नव्हता.

उपचार आणि शुश्रूषा यांतला हा फरक बहुतेकांना वेळ आल्यावरच कळतो. शुश्रूषा विम्याचा दावा आजाराच्या नावावर ठरत नाही. तो ठरतो साध्या साध्या कामांवर: आंघोळ करणं, कपडे घालणं, जेवणं, शौचाला जाणं, मलमूत्रावर ताबा असणं, खाटेवरून उठून खुर्चीत बसणं. अमेरिकेत १९९६च्या कायद्यापासूनची व्याख्या अशी की या सहांपैकी किमान दोन कामं किमान ९० दिवस दुसऱ्याच्या मदतीशिवाय होणार नसतील, किंवा स्मृतिभ्रंशासारख्या विकाराने माणसावर सतत लक्ष ठेवावं लागत असेल, तर तो लाभाला पात्र. यादी वाचायला सोपी आहे. यातलं एकेक काम हातून सुटताना माणसाच्या मनाचं काय होतं, ते ज्यांनी जवळून पाहिलं आहे त्यांना ती सोपी वाटत नाही.

‘स्वतःच साठवा’ म्हणणाऱ्यांचा हिशेब इथेच बिघडतो. आज पासष्टीला पोचलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना पुढे कधीतरी गंभीर परावलंबनाला तोंड द्यावं लागेल, असा अमेरिकी सरकारचाच अंदाज आहे. पण त्यातल्या कुणाला तीन महिने, कुणाला तीन वर्षं, तर थोड्यांना दहा वर्षं. आपण कुणात बसणार, हे कुणालाच ठाऊक नसतं. मग साठवायचं किती? सरासरीइतकं साठवलं, तर ज्याच्या वाट्याला दहा वर्षं आली तो चौथ्या वर्षी रिकामा. प्रत्येकाने दहा वर्षांचं साठवायचं ठरवलं, तर ज्यांना काहीच लागणार नाही अशी असंख्य माणसं आयुष्यभर मन मारून जगणार, आणि बहुतेकांना तर तेही साधणार नाही. एकट्याला सर्वांत वाईट शक्यतेसाठी साठवावं लागतं; समूहाला फक्त सरासरीसाठी. विमा जन्माला आला तो याच फरकातून. लंडन १६६६ साली जळालं, त्यानंतर तिथे घरांचे आगीचे विमे सुरू झाले, आणि घर जळलं नाही म्हणून हप्ता फुकट गेला असं वर्षअखेरीस कुणी म्हणत नाही. शुश्रूषेच्या बाबतीत मात्र शहाणीसुरती माणसंही तसं म्हणतात.

तरीही विरोधकांचा एक मुद्दा खरोखर भक्कम आहे आणि विम्याचे समर्थक तो घाईघाईने ओलांडून जातात. आगीचा विमा एका वर्षाचा असतो. शुश्रूषेचा विमा पन्नाशीत घ्यायचा आणि त्याची गरज लागणार ऐंशीत. मधल्या तीस वर्षांत व्याजदर कुठे जातील, माणसं किती जगतील, परिचारिकेचा पगार किती होईल, हे कोण सांगणार? इतक्या लांबचं वचन देणारी संस्था कितीही जुनी आणि जाणती असली तरी फसू शकते. वयानुसार हप्ता ठरवून आयुर्विम्याला गणिताचा पाया घालणारी ‘इक्विटेबल’ ही ब्रिटिश संस्था १७६२ची. तिने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठरावीक दराने पेन्शन देण्याची हमी हजारो पॉलिसींत लिहून दिली. पुढे व्याजदर घसरले, आयुर्मान वाढलं, ती हमी गळ्याशी आली. शब्द फिरवायचा प्रयत्न झाला, प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायासनापर्यंत गेलं, २०००च्या जुलैत संस्था हरली आणि डिसेंबरात तिने नवे ग्राहक घेणं बंद केलं. जवळपास अडीचशे वर्षांची पुण्याई एका चुकलेल्या अंदाजाने संपली.

अमेरिकेतल्या शुश्रूषा विम्याची गोष्ट याहून बोलकी आहे. १९८०-९०च्या दशकांत शंभराहून अधिक कंपन्या या धंद्यात उतरल्या. हप्ता ठरवताना त्यांनी एक गोष्ट गृहीत धरली: दरवर्षी बरेच विमाधारक, काहींच्या मते पाच टक्क्यांच्या आसपास, हप्ते थांबवतील आणि पॉलिसी लॅप्स होईल. सोडून गेलेल्यांचे पैसे उरलेल्यांच्या दाव्यांना पुरतील, असा तो हिशेब. प्रत्यक्षात सोडणारे निघाले टक्का-दीड टक्का. लोकांनी पॉलिसी घट्ट धरून ठेवली, कारण आईबापांची किंवा जोडीदाराची परवड पाहून तिची किंमत त्यांना कळली होती. भरीला व्याजदर पडले आणि स्मृतिभ्रंशाचे रुग्ण अंदाजापेक्षा जास्त वर्षं जगले. मग हप्ते वाढू लागले, कुठे तीस टक्के, कुठे दुप्पट. हे कुणाच्या दारात आलं? वीस वर्षं इमानेइतबारे हप्ते भरलेल्या पंचाहत्तरीतल्या माणसाच्या. त्याच्यापुढे तीन वाटा: वाढीव हप्ता भरा, लाभ कमी करून घ्या, नाहीतर इतक्या वर्षांचं सारं सोडून द्या. ‘पेन ट्रीटी’ ही कंपनी तर २०१७ साली न्यायालयाच्या आदेशाने मोडीतच काढावी लागली. पुढच्याच वर्षी ‘जनरल इलेक्ट्रिक’सारख्या बलाढ्य उद्योगाला, अशा पॉलिसींचा पुनर्विमा (म्हणजे दुसऱ्या विमा कंपन्यांची जोखीम) फार पूर्वी अंगावर घेऊन ठेवल्यामुळे, ६.२ अब्ज डॉलरचा बोजा हिशेबात दाखवावा लागला. आज हा विमा स्वतंत्रपणे विकणाऱ्या कंपन्या मोजक्याच उरल्या आहेत.

मग ‘पॉलिसी घेऊ नका’ म्हणणारे बरोबर ठरले का? अर्धे. खासगी पॉलिसीने अनेक घरं सावरली, हेही तितकंच खरं आहे. ज्यांनी वेळेवर घेतली, ज्यांची कंपनी तगली, त्यांना कुणाकडे हात न पसरता हवी तिथे, हवी तशी मदत मिळाली. पैसा आणि शिस्त दोन्ही असलेल्याने घेतली तर मी त्याला अडवणार नाही. अडचण पॉलिसीच्या दर्जाची नाही, दारात कोण येतं याची आहे. ज्याच्या घराण्यात स्मृतिभ्रंश आहे तो आधी येतो, ज्याला धोका कमी वाटतो तो येत नाही, त्यामुळे हप्ता चढतो आणि आणखी काही निरोगी माणसं पाठ फिरवतात. हे ओळखून कंपनी दारात चाळणी लावते: मधुमेह आहे का, पूर्वी पक्षाघात झालाय का, चालताना काठी लागते का. शेवटी ज्याला संरक्षणाची गरज सर्वांत जास्त, तोच बाहेर राहतो.

‘कंपन्या नफेखोर आहेत, सरकारने विमा काढावा’ हे उत्तरही यावर पुरेसं नाही. अमेरिकेने तेही करून पाहिलं. २०१०च्या आरोग्य कायद्यात सिनेटर एडवर्ड केनेडी यांच्या आग्रहाने ‘क्लास’ नावाची शुश्रूषा योजना घातली गेली. सरकारी, प्रकृतीची चाळणी नसलेली, पण ऐच्छिक. एकाही माणसाला लाभ मिळण्याआधी, २०११च्या ऑक्टोबरात, ती चालवायला नेमलेल्या खात्यानेच हात वर केले: चाळणी नाही आणि सक्तीही नाही, म्हणजे आजारीच तेवढे येणार आणि योजना बुडणार. २०१३च्या जानेवारीत तिच्यावर कायद्याने पडदा पडला. मला हे उदाहरण सगळ्यांत मोलाचं वाटतं, कारण त्यातून दोष कशात आहे ते उघडं पडतं. खासगी की सरकारी, हा भेद दुय्यम आहे. विमा मोडतो तो ऐच्छिकपणामुळे.

सक्तीचं उत्तर जर्मनीने दिलं, तेही शंभर वर्षांच्या अनुभवानंतर. चॅन्सेलर बिस्मार्कच्या काळात १८८३ साली आजारपणाचा, १८८४ साली अपघाताचा आणि १८८९ साली वार्धक्य-अपंगत्वाचा सक्तीचा विमा आला. शुश्रूषा मात्र घरातल्या बायकांवर सोपवलेली राहिली. जन्मभर राबलेली माणसं शुश्रूषागृहात गेली की बचत संपून गरिबांसाठीच्या सरकारी मदतीवर येत. यावर वीस वर्षं वाद झाला आणि १९९५ साली शुश्रूषा विमा सुरू झाला. नोकरी देणाऱ्या मालकांनी विचारलं, आमच्या वाट्याच्या वर्गणीचा भार कोण सोसणार? तोडगा म्हणून सॅक्सनी वगळता सगळ्या राज्यांनी एक धार्मिक सुट्टी रद्द केली. एका देशाने आपल्या म्हाताऱ्यांच्या शुश्रूषेसाठी वर्षातला एक दिवस जास्त काम करायचं ठरवलं. सामूहिक विमा म्हणजे काय, हे याहून नेमकं मला सांगता येणार नाही.

याची किंमत आहे, आणि ती लपवणं अप्रामाणिक ठरेल. जर्मनीत वर्गणी पगाराच्या एक टक्क्यापासून सुरू झाली, २०२५ साली ती ३.६ टक्क्यांवर होती आणि मूलबाळ नसलेल्यांना ४.२ टक्के. एवढं करूनही हा विमा अर्धाच आहे: शुश्रूषागृहातल्या माणसाला पहिल्या वर्षी पदरचे महिन्याला सुमारे ३,००० युरो घालावे लागतात. जपानने २००० साली चाळिशीपुढच्या प्रत्येकाला सामील करून घेतलं. निम्मा खर्च वर्गणीतून, निम्मा करांतून. पासष्टीवरच्यांची सरासरी मासिक वर्गणी तेव्हा २,९११ येन होती, २०२४ ते २०२६ या काळासाठी ती ६,२२५ येन ठरली. तरुणांनी विचारावं, आमची पाळी येईल तेव्हा तिजोरीत काही असेल का? प्रश्न रास्त आहे. पण वाढली ती म्हाताऱ्यांची संख्या. विमा नसता तर ती घटली नसती. खर्च तोच राहिला असता, फक्त कुठल्याच ताळेबंदात दिसला नसता. माझ्या आतेबहिणीने सोडलेली नोकरी, तिची न भरली गेलेली पेन्शन, तिची झोप, हा सारा शुश्रूषेचाच खर्च होता. तिने तो एकटीने भरला, म्हणून कुणी मोजला नाही. विमा असूनही जपानमध्ये आजसुद्धा वर्षाला सुमारे एक लाख माणसं घरच्यांच्या शुश्रूषेपायी नोकरी सोडतात. नसता तर किती सोडली असती?

तरुणांच्या तक्रारीवर दुसरंही उत्तर आहे: सक्ती लवकर सुरू करा आणि पळवाट ठेवू नका. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने पगाराच्या ०.५८ टक्के वर्गणीची योजना आणली, पण २०२१मध्ये ठरावीक तारखेआधी खासगी पॉलिसी दाखवणाऱ्याला कायमची सूट दिली. सुमारे पाच लाख लोक त्या दारातून बाहेर पडले. असा घाईने पॉलिसी घेऊन कोण बाहेर पडू शकतो? ज्याचा पगार मोठा आणि प्रकृती ठणठणीत, तोच. म्हणजे सामायिक निधीला ज्याची सर्वांत जास्त गरज असते तो. असं असूनही २०२४ साली योजना ऐच्छिक करण्याचा प्रस्ताव मतदानाला आला, तेव्हा लोकांनी तो फेटाळला. सिंगापूरने २००२ साली बाहेर पडायची मुभा असलेली योजना काढली होती. २०२०च्या नव्या योजनेत १९८० आणि त्यानंतर जन्मलेल्यांसाठी त्यांनी ती मुभाच काढून टाकली.

इंग्लंडमधून येणारा आक्षेप अधिक टोकदार आहे. ज्यांच्याकडे घरदार आहे त्यांची इस्टेट मुलांसाठी शाबूत राहावी म्हणून इतरांनी का पैसे भरावेत? अर्थतज्ज्ञ अँड्र्यू डिलनॉट यांच्या सरकारी आयोगाने २०११ साली सुचवलं की माणसाला आयुष्यभरात शुश्रूषेवर ३५,००० पौंडांहून जास्त खर्च करावा लागू नये, त्यापुढचं सरकारने बघावं. त्या कल्पनेला विरोध झाला तो बराचसा याच भावनेतून. कायदा २०१४ साली झाला, मर्यादेचा आकडा पुढे ८६,००० पौंडांवर गेला, तारखा पुढे ढकलल्या गेल्या आणि २०२४ साली तो बेत सोडूनच दिला. मी या आक्षेपाला सहज झटकत नाही. श्रीमंताने जास्त भरावं, हे मला मान्यच आहे आणि वर्गणी मिळकतीच्या प्रमाणात ठेवली की ते आपोआप होतं. पण अतिश्रीमंताला या खर्चाने ओरखडाही उठत नाही आणि निष्कांचनाला मदत आधीच मिळते. भरडला जातो तो एक लहानसं घर आणि थोडी शिल्लक असलेला माणूस. कर्करोग झाला तर सरकारी इस्पितळ त्याला घर विकायला लावत नाही. स्मृतिभ्रंश झाला तर मात्र आधी कफल्लक व्हा, मग या. दोन आजारांत हा भेद कुठल्या न्यायाने?

आणि नाती? विमा आला की मुलं हात झटकतील, असं म्हणणाऱ्यांची कळकळ खोटी नसते. यावर जर्मनी आणि जपान यांनी वेगवेगळी उत्तरं दिली. जर्मनीत कुटुंबाला रोख रक्कम घेता येते आणि घरी शुश्रूषा करणाऱ्याच्या पेन्शनची वर्गणीही विमाच भरतो. जपानमध्ये रोख रकमेला विरोध करण्यात महिला संघटना पुढे होत्या: पैसे दिले की सून पुन्हा खाटेशी बांधली जाईल, आम्हाला सेवा हवी. मला जपानी बायकांची भीती पटते, पण पेन्शनची जर्मन तरतूदही सोडवत नाही. हात झटकण्याबद्दल म्हणाल, तर जर्मनीत तीस वर्षांनंतरही पाचांतले चाराहून अधिक लाभार्थी घरीच राहतात. आत्याच्या शेवटच्या वर्षी आम्ही सगळ्या भावंडांनी मिळून रोज सकाळी दोन तासांसाठी एक बाई ठेवली. ती आत्याला अंघोळ घालायची, चादर बदलायची. त्यानंतर मी पहिल्यांदा पाहिलं, आतेबहीण आईच्या उशाशी नुसती बसली होती, वही न उघडता, तिचे केस विंचरत.

पैशाने हात विकत घेता येतात, पण हात असायला तर हवेत. जपानमध्ये शुश्रूषा सेवकांची टंचाई हीच आजची मोठी अडचण आहे. त्यांचा मोबदला सरकारी दरपत्रकाशी बांधलेला, आणि वर्गणी वाढू नये म्हणून ते दरपत्रक दाबून ठेवायचा मोह प्रत्येक सरकारला होतो. सक्तीचा विमा आणायचा तर या कामाला नीट पगार देण्याइतकी वर्गणी घ्यायची तयारीही हवी. स्वस्तात शुश्रूषेचं वचन देणारी योजना पाहिली की मला त्या अमेरिकी कंपन्यांचे पहिले हप्ते आठवतात.

आतेबहीण आता साठीला टेकली आहे. मूलबाळ नाही, त्यामुळे मध्यंतरी तिने स्वतःसाठी शुश्रूषेच्या पॉलिसीचा अर्ज केला. हप्ता भरायची तयारी होती, फॉर्म प्रामाणिकपणे भरला होता. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: अर्ज नामंजूर, कारण, कमरेच्या मणक्यांची झीज. चार वर्षं दर दोन तासांनी एक जड, निश्चल देह एकटीने या कुशीवरून त्या कुशीवर वळवल्याने ते मणके झिजले होते. कंपनीच्या नियमात ती चूक नव्हती. ज्या विम्यात सगळेच असतात, त्यात तिला हा प्रश्न कुणी विचारलाच नसता.